आजोबांचा काळा कोट

अण्णा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि माझा उजवा कान पुन्हा फुटला. तोच कान, तोच वास, सकाळी उशीच्या अभ्र्यावर तोच पिवळा डाग. फरक एवढाच की तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि आता त्रेपन्न वर्षांची बाई आहे, जिला स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जाता येतं आणि तरीही जी तीन महिने गेली नाही. मागच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. डोक्याला पांढरी पट्टी गुंडाळून मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. शाळेतून रजा आहे. तुमचे जावई चहा करतायत, म्हणजे साखर कुठल्या डब्यात आहे ते मला तिसऱ्यांदा विचारतायत, आणि तेही माझ्या उजव्या बाजूला उभे राहून. मला ऐकू काही येत नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून ओठ दिसतात. सापडेल त्यांना साखर, घर काही एवढं मोठं नाही.

हॉस्पिटलात पडल्या पडल्या ठरवलं की तुम्हाला लिहायचं. एक गोष्ट सांगायची राहिलीय आणि ती अत्तराची आहे. पोरीचा कान आपल्या अत्तराच्या फायानं घालवला, असं तुम्ही एकदा मनाशी धरलंत आणि त्या दिवसापासून अत्तराला हात लावला नाहीत. तेव्हा तुमची चाळिशीही आली नव्हती. पुढची पंचवीस वर्षं तुम्ही ती शिक्षा गुपचूप भोगलीत. अण्णा, त्यात तुमचा काही दोष नव्हता, आणि हे मला तेव्हापासून माहीत होतं. पण मी सगळं ओळीनं सांगते. वर्गात पोरांना धडा मधूनच सुरू केलेला मला चालत नाही, तर स्वतःला कसा चालेल.

आपल्या गल्लीत कान फुटणं ही काही बातमी नव्हती. दर घरात एखादं पोर कानात बोळा घालून हिंडायचं आणि दर घरात त्याच्यावर एक औषध असायचं. आईनं लसूण घालून कढवलेलं तेल घातलं, शेजारच्या मावशींनी झेंडूच्या पाल्याचा रस घातला, कुणी म्हणालं डोक्यावरून न्हाऊ घालू नका, कुणी म्हणालं रोज घाला. कान आपला वाहतच राहिला. वाहण्याचं मला काही वाटत नव्हतं, दुखतही फारसं नव्हतं. वासाचं मात्र वाटायचं. पावसात भिजलेली चादर आठ दिवस कोपऱ्यात पडून राहिली की येतो तसा वास, आणि तो माझ्याच अंगाला. बाकावरची माझी जोडीदारीण एक दिवस दप्तर उचलून मागच्या बाकावर गेली. जाताना नाकाला रुमाल तेवढा लावला. मी घरी आले आणि चुलीपुढे बसलेल्या आईला सांगितलं की आता शाळा बास.

तुम्ही कारखान्यातून आलात, आईनं झालेलं सांगितलं. तुम्ही जेवला नाहीत, तसेच बाहेर गेलात. आपल्या गल्लीच्या तोंडाशी काचेची पेटी घेऊन बसणारे अत्तरवाले चाचा तुम्हाला आठवत असतील. हिवाळ्यात हिना, उन्हाळ्यात वाळा, ही तुमची एकुलती एक चैन. आंघोळ करून, कानाच्या वरच्या घडीत फाया खोचून तुम्ही बाहेर पडलात की आई म्हणायची, निघाले नवरदेव. त्या दिवशी तुम्ही मला बरोबर घेतलंत आणि हिन्याचीच बाटली मागितलीत. चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बच्ची कू मोगरा देव, हिना मरदां का है." घरी येऊन तुम्ही कारखान्यातल्या पांढऱ्या सुताचा छोटासा बोळा वळलात, त्याला मोगरा लावलात आणि माझ्या कानाच्या तोंडाशी असा बसवलात की जणू सोनार मोती बसवतोय. दुसऱ्या दिवशी जोडीदारीण पुढच्या बाकावर परत आली आणि तुमच्या घरी कुणाचं लग्न आहे का, असं विचारलं. मी हो म्हणाले. लग्न कुणाचं ते ठरवायला मला मधली सुट्टी लागली.

आता तुमच्या कारखान्याबद्दल, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन यायची. दारातून आत पाऊल टाकलं की वीसेक यंत्रमाग एकदम धडधडत अंगावर यायचे. तिथे कुणी कुणाशी आवाजानं बोलतच नव्हतं. बोलून उपयोग नव्हता. सगळे ओठांनी बोलायचे, आवाज न काढता, ओठ चांगले मोठे हलवून, आणि समोरचा बघून समजून घ्यायचा. तुमच्या शेजारच्या मागावरचे काका तेलुगू. तुम्हाला तेलुगू ऐकून एक अक्षर कळत नव्हतं, पण बघून सगळं कळायचं. रस्त्यात ते काका भेटले की तुम्ही दोघं हसून मान हलवायचात आणि पुढे काही सुचायचं नाही, आणि आत गेलात की दिवसभर गप्पा. मी आठव्या वर्षी तुमच्या पायाशी सुताच्या ढिगावर बसून ही भाषा शिकले. कुणी शिकवली नाही. ते तेलुगू काका एकदा तुम्हाला म्हणाले की ही पोर सगळं वाचते हो, हिच्यासमोर जपून. ते म्हणाले तेही मी वाचलं. तुम्ही छाती फुगवून हसलात.

मोगरा चालू झाला आणि वास गेला, पण कान वाहतच होता, म्हणून तुम्ही मला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलंत. त्यांनी कानात बॅटरी मारून बघितलं, पडद्याला भोक आहे म्हणाले, थेंब लिहून दिले. निघताना तुम्हाला एवढंच बजावलं की हिच्या ऐकण्यावर लक्ष ठेवा, ऐकायला कमी आलं तर एक दिवसही थांबू नका, मोठ्या हॉस्पिटलात न्या, तिथे कदाचित ऑपरेशन करतील. ऑपरेशन म्हणजे काय ते मला शेजारच्या मावशींच्या मुलीनं सांगितलं. डोक्याचा गोटा करतात, ती म्हणाली. अण्णा, माझी वेणी तेव्हा कमरेला लागत होती. रिबिनी बांधून ती पुढे घेतली की मला वाटायचं मी आता कुणालाही भारी आहे. गोटा म्हटल्यावर मला रडूसुद्धा आलं नाही, घाम आला.

डॉक्टर लक्ष ठेवा म्हणाले आणि तुम्ही ते मनावर घेतलंत. दर सुट्टीच्या दिवशी माझी परीक्षा. जागा ठरलेली. मी भिंतीकडे तोंड करून उभी, डावा कान बोटानं गच्च बंद. तुम्ही पाठीमागे दाराशी, पाच-सहा पावलांवर. तिथून तुम्ही गावांची नावं कुजबुजायची आणि मी उजव्या कानानं ऐकून मोठ्यानं सांगायची. नावं आपल्याच जिल्ह्यातली: मोहोळ, माढा, करमाळा, बार्शी, मंगळवेढा, आणि आपलं गाव म्हणून सांगोला हमखास. दहा नावं. मी दहाची दहा बरोबर सांगायचे. मग तुम्ही खिशातून लिमलेटची गोळी काढायचात आणि आईला हाक मारायचात, "बघ की, धापैकी धा. माझ्या लेकीचा कान लई तिखट हाय." आई एकदा चुलीपासून उठून आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवो, मी हितं दोन कान घेऊन बसलीय. मला तर एक नाव ऐकू आलं न्हाय. हिला एका कानानं कसं आलं?" तुम्ही म्हणालात की तुझे कान म्हातारे झाले. आईचं वय तेव्हा तीस.

आई बरोबर होती. मागावरच्या माणसाला कुजबुजायला सांगितलं की तो ओठ हलवतो आणि आवाज घरीच ठेवतो. तुमची कुजबुज म्हणजे नुसते ओठ. दोन्ही कान धडधाकट असलेल्या माणसालाही ती ऐकू आली नसती. आणि ती मला ऐकू येत नव्हती, अण्णा. ती मला दिसत होती. भिंतीवर माझ्या डोळ्यांसमोर आजोबांचा फोटो होता, काचेच्या चौकटीतला. आजोबांनी जन्मभर मेंढरांमागं घोंगडीच पांघरली, पण फोटोच्या दिवशी स्टुडिओवाल्यानं त्यांना आपला काळा कोट चढवला होता. तो कोट छातीभर काळाकुट्ट. बाजूच्या खिडकीचा उजेड तुमच्या तोंडावर पडायचा आणि तुमचं तोंड त्या काळ्या कोटात स्वच्छ उमटायचं. आजोबांच्या छातीवर तुमचे ओठ हलायचे आणि मी वाचायचे. करमाळा. बार्शी. कधीकधी संशय नको म्हणून मी मुद्दाम एखादं चुकवायचे, अकलूजच्या जागी अक्कलकोट म्हणायचे. तेव्हा तुम्ही हळहळायचात आणि गोळी तरीही द्यायचात.

झालं सांगून. त्रेचाळीस वर्षं पोटात होतं आणि कागदावर चार ओळी झाल्या. मी अठ्ठावीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडतेय. मागच्या बाकावरची दोघं माझ्या उजव्या अंगाला बसून कुजबुजतात, त्यांना वाटतं बाई तिकडून ठार बहिऱ्या, आणि मी डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचते, फळ्याकडून वळते आणि त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवते. शाळेत माझी त्यासाठी फार दहशत आहे. सगळ्यात मोठी कॉपी करणारी मी, हे त्यांना कधी कळलं तर मला राजीनामाच द्यावा लागेल.

आठ महिने असे गेले. मग एका सकाळी शाळेत प्रार्थनेला उभी होते आणि मैदान फिरलं. मी पडले, उलटी झाली, उठले की पुन्हा पडत होते. तुम्ही कारखान्याच्या कपड्यांतच, केसांत सुताचा भुगा घेऊन आलात आणि मला उचलून मोठ्या हॉस्पिटलात नेलंत. तिथले डॉक्टर म्हातारे होते, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी माझ्या कानाजवळ नाक नेलं आणि थांबले. मोगरा, म्हणाले. चिमट्यानं फाया काढला, आत बघितलं, मग ठोकला की घुमत राहणारा दोन पात्यांचा लोखंडी काटा कानाशी धरला, मागच्या हाडावर टेकवला. ऐकू येतंय का विचारलं. तिथे आजोबांचा फोटो नव्हता. मी नाही म्हणाले. त्यांनी फाया तुमच्यासमोर धरला आणि विचारलं, "हे कुणी घातलं? अहो, हा वास झाकायचा नसतो. हा वास म्हणजे आत हाड सडतंय. सहा महिने आधी आणली असती तर कानातली हाडं वाचली असती." तुम्ही "मी घातलं" एवढंच म्हणालात. मी स्टुलावर बसून बघत होते. सहा महिने आधी का आणलं नाही, याचं खरं उत्तर त्या खोलीत एकीलाच माहीत होतं, आणि ती गप्प बसली.

ऑपरेशन झालं. गोटा केला नाही, कानामागं तळहाताएवढी जागा तेवढी भादरली, म्हणजे माझ्या तळहाताएवढी. त्या मुलीनं मला निष्कारण घाबरवलं होतं. शुद्धीवर आले तेव्हा ते म्हातारे डॉक्टर म्हणाले, दात दाखव बघू. चेहऱ्याची शीर कानातूनच जाते, ती नीट आहे का ते बघायचं होतं. मी दात दाखवले. आणि त्यांच्या पाठीमागे तुम्ही उभे होता, तुम्हीही सगळे दात दाखवले. डॉक्टर म्हणाले डोळे घट्ट मीट, मी एक डोळा मिटला आणि दुसऱ्यानं बघितलं, तुम्ही दोन्ही मिटून उभे होता. त्या वॉर्डात मला इतकं हसू आलं की टाका तुटेल म्हणून नर्स रागावली. चेहरा शाबूत राहिला, जीव वाचला, कान मात्र गेला. त्याचं मला खरंच फार वाईट वाटलं नाही. एका कानावर माणसाचं व्यवस्थित चालतं. तुमचे जावई घोरायला लागले की मी डावा कान उशीत दाबते आणि राणीसारखी झोपते.

वाईट वाटलं ते मोगऱ्याचं. हॉस्पिटलातून आल्यावर मी बघितलं, कोनाड्यातल्या तुमच्या बाटल्या नव्हत्या. हिना नाही, वाळा नाही. चाचांच्या पेटीवरून जाताना तुम्ही रस्त्याची दुसरी बाजू धरायला लागलात. चाचांना वाटलं आपलं काही चुकलं, ते घरी येऊन विचारून गेले. माझ्या लग्नात दाराशी पाहुण्यांच्या हातावर अत्तर लावत होते आणि तुम्ही, मुलीचा बाप, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे. मी नवरीच्या खुर्चीवरून ते बघितलं. तेव्हा उठून जाऊन सांगायला हवं होतं. पण बाशिंग बांधून कॉपीची कबुली द्यायची म्हणजे कसं दिसतं, असं मी स्वतःला समजावलं. त्याआधी परीक्षा होती म्हणून सांगितलं नाही, त्यानंतर पोटुशी होते म्हणून. कारणं काय, मागितली की मिळतात.

पुढे तुमचे कान गेले. ते जाणारच होते, तीस वर्षं मागांत काढल्यावर कुणाचे राहिलेत. मी माहेरी यायचे तेव्हा तुम्ही पलंगावर, मी दारात, आणि आपण दोघं आवाज न काढता गप्पा मारायचो. आई मधे गहू निवडत बसलेली. ती वैतागून म्हणायची की घरात दोन माणसं तासभर बोलतायत आणि मला कळेना काय बोलतायत, बोला की जरा मोठ्यानं. फोनवर मात्र आपलं काही जमायचं नाही. तुम्ही फोन कानाला न लावता डोळ्यांपुढे धरायचात आणि हॅलो म्हणायचात. आता फोनात माणूस दिसतो, अण्णा. तुम्ही थोडं थांबला असता तर तुमचा अगदी खरा काळ आला असता.

आता या वेळचं. कान वाहायला लागल्यावर मी तीन महिने काढले आणि शेवटी मोठ्या हॉस्पिटलातच गेले. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, माझ्या लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. तिनं पडद्यावर माझ्या कानाचं आतलं चित्र दाखवलं. कानाच्या पडद्याची कातडी आत ओढली जाते, म्हणाली, तिची पिशवी होते, त्या पिशवीत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर साचत जातात आणि ती हळूहळू वाढत बाजूचं हाड खात जाते. लहानपणी काढली तरी कुठे कणभर राहिली की वीस-तीस वर्षांनीसुद्धा परत उगवते. म्हणून दर वर्षी दाखवायचं असतं, तुम्ही दाखवत होता का? मी खिडकीबाहेर बघितलं. वर्गात पोरं बघतात तसं.

मग ऐकण्याची तपासणी. एका बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, मधे काच आणि पलीकडे एक पोरगी बटणं दाबणार. आवाज आला की हात वर करायचा. मी आपली एकामागून एक हात वर करतेय. पोरगीनं तपासणी थांबवली, दार उघडून आत आली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्या हाताकडं बघू नका की. मी बटण दाबलं की तुमी हात वर करताय. आवाज मी चालूच केला न्हाई अजून." अण्णा, शपथेवर सांगते, मला कळलंसुद्धा नव्हतं. तिनं खुर्ची फिरवली, भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर काही टांगलेलं नव्हतं. मी तिथे बसून हसायला लागले, आणि हसता हसता हेडफोन ओले झाले.

डॉक्टर मुलीनं विचारलं काय झालं, तर मी तिला सगळं सांगितलं. मोगरा, आजोबांचा कोट, तुमची परीक्षा. पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं ते तिला. मला माहीत होतं, तरी एकदा विचारायचंच होतं, माझ्या वडलांच्या अत्तरानं कान गेला का. ती म्हणाली, छे, फायानं हाड सडत नाही. वास झाकला म्हणून काही बिघडत नाही, डॉक्टर कानात बघतातच. कानात काही घालू नये हे खरं, पण तुमचा आजार त्याच्या गतीनं वाढतच होता. ऐकू कमी येतंय हे वेळेत कळलं असतं तर कदाचित लवकर उघडलं असतं, आणि तरी हाडं वाचली असती असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगणार. मग म्हणाली, दहा वर्षांच्या मुलीनं परीक्षेत कॉपी केली, त्याची शिक्षा किती वर्षं असते तुमच्या शाळेत? मी म्हणाले, एक तास, वर्गाबाहेर. ती म्हणाली, मग झाला की तुमचा तास. मला ती फार आवडली. पण माझा तास संपला असेल, तुमच्या पंचवीस वर्षांचं काय?

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तर ती उशाशी. दात दाखवा, म्हणाली. मी दात दाखवले आणि तिच्या पाठीमागे बघितलं. तुमचे जावई तिथे उभे होते, तोंड घट्ट मिटून, गंभीर. मला तुमची इतकी आठवण आली. कालच मी त्यांना चाचांच्या नातवाच्या दुकानात पाठवलं, गल्लीच्या तोंडाशी आता गाळा घेतलाय त्यानं. हिन्याची बाटली आणलीय. ती तुमच्या फोटोपुढे ठेवलीय, झाकण उघडून. घरभर तुम्ही आंघोळ करून बाहेर निघाल्याचा वास आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, फोटोमागं खोचून ठेवावं असा विचार होता, पण तुमचे जावई जळमटं काढताना ते काढतील आणि वाचतील, मग कबुली त्यांच्याजवळ पोचेल. तेव्हा टेबलाच्या खणात राहू दे.

एक राहिलं. कॉपी मी वेणीसाठी सुरू केली, गोळीसाठी चालू ठेवली, हे खरं. पण एकदा, तीन-चार महिने झाले असतील, मी थांबायचं ठरवलं होतं. त्या दिवशी मी डोळे मिटूनच उभी राहिले. काही ऐकू आलं नाही. अगदी काहीच. भीती वाटली म्हणून डोळे उघडले, तर कोटात तुमचे ओठ हलत होते, पण ते गाव नव्हतं. मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तुम्ही म्हणत होता, "बिरोबा, पोरीचा कान ऱ्हाऊ दे. माजा घे." तीनदा म्हणालात. मग तोंड पुसलंत आणि म्हणालात, माढा. मी मोठ्यानं माढा म्हणाले. तुमचं तोंड असं उजळलं की त्यानंतर मला एकही नाव चुकवायचा धीर झाला नाही.

बिरोबानं तुमचे दोन्ही कान घेतले आणि माझाही घेतला. हिशेब त्याचा कच्चाच म्हणायचा. तुम्ही काय मागितलं होतंत ते मला माहीत होतं, हे मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही. आज सकाळी जावई दूध आणायला गेले तेव्हा मी तुमच्या फोटोसमोर उभी राहिले, आणि आवाज न काढता, ओठ चांगले मोठे हलवून, सगळं सांगितलं. तुम्हाला वाचता येतं.